सायकलवरून गावोगाव : अनोळखी माणसाला ‘पुढे काय व्हावे’ हे कसे विचारावे

नाशिकहून निघून दिंडोरी, वणी, पिंपळगाव बसवंत, लासलगाव, येवला आणि निफाड असा फेरा करून परत नाशिकला यायचे म्हटले, तर साधारण सव्वादोनशे किलोमीटर होतात आणि सायकलने ते चार दिवसांत आरामात होतात. गेल्या सहा वर्षांत हा फेरा मी सात वेळा केला आणि प्रत्येक वेळी वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसांना एकच गोष्ट विचारली : यापुढे तुमच्या आयुष्यात काय व्हावे असे वाटते? लांब पल्ल्याच्या सायकलिंगविषयी माहिती आता सहज मिळते. मात्र कुठे थांबावे, बोलणे कसे सुरू करावे, प्रश्न कोणत्या शब्दांत विचारावा आणि मिळालेल्या उत्तराचे पुढे काय करावे, याविषयी मला कुठेही धड वाचायला मिळाले नव्हते. ते सगळे चुकत-माकत शिकावे लागले. तेच इथे क्रमाने मांडते.

मोटारीतून उतरलेल्या माणसाला खेड्यात साहेब, पुढारी किंवा सर्वेक्षणाला आलेला कर्मचारी समजतात आणि अशा माणसाला द्यायची उत्तरे लोकांकडे तयार असतात. सायकलवरून आलेल्या माणसाला पाणी हवे असते, सावली हवी असते, कधी चाकात हवा भरायची असते. म्हणजे आधी मागणारे आपण असतो आणि देणारा समोरचा असतो. या क्रमाने सुरू झालेल्या बोलण्यात समोरच्या माणसाचा हात वर राहतो, आणि ज्याचा हात वर आहे तोच मनातले मोकळेपणाने बोलतो. म्हणून या प्रवासात सायकल हे नुसते वाहन आहे असे मी मानत नाही; ते प्रश्न विचारण्याचे साधन आहे आणि तयारीही त्या दृष्टीनेच करायला हवी.

अंतर कमी ठेवावे

नाशिकमध्ये लांब पल्ल्याच्या सायकलिंगचे वातावरण चांगले आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिककर बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली, तेव्हापासून शहरात सायकल हातात घेणाऱ्यांना वेगळाच हुरूप आला. दरवर्षी नाशिकहून पंढरपूरला सायकलवारीही निघते. अनेक जण ब्रेव्हे, म्हणजे ठरलेले लांब अंतर ठरलेल्या वेळेत कापायची सायकलफेरी, करतात; २०० किलोमीटरची ब्रेव्हे ते साडेतेरा तासांच्या मुदतीत पूर्ण करतात. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे, परंतु ज्या दिवशी घड्याळाशी स्पर्धा असते त्या दिवशी कोणाच्या ओट्यावर तासभर बसता येत नाही. त्यामुळे ब्रेव्हे करणाऱ्या मित्रांनी या फेऱ्यासाठी आपली सवय बाजूला ठेवावी, असे मी आग्रहाने सांगते.

हिशोब सोपा आहे. सामान लादलेली सायकल ताशी पंधरा-सोळा किलोमीटरने चालते. दिवसाला साठ किलोमीटर धरले तर चार तास खोगिरावर जातात आणि हिवाळ्याच्या दिवसातले सहा-सात तास थांबण्यासाठी उरतात. त्यात तीन, फार तर चार माणसांशी नीट बोलणे होते. पाचव्या माणसाचे ऐकताना आपले लक्ष उरत नाही आणि ते त्या माणसाच्या लक्षात येते.

फेऱ्याची वाटणी मी अशी करते. पहिल्या दिवशी नाशिक ते वणी, सुमारे पंचेचाळीस किलोमीटर. रस्ता चढउताराचा आहे. दुसऱ्या दिवशी पिंपळगाव बसवंतवरून लासलगाव, पंचावन्न ते साठ किलोमीटर. तिसऱ्या दिवशी विंचूरमार्गे येवला. हे अंतर तीस-पस्तीसच आहे, कारण येवल्यात वेळ हवा असतो. चौथ्या दिवशी निफाडवरून नाशिक, पंच्याऐंशीच्या आसपास. पायांत बळ असेल तर वणीहून नांदुरीला जाऊन सप्तशृंगीचा घाट चढता येतो, पण त्यासाठी एक दिवस वाढवावा. मुंबई–आग्रा महामार्ग शक्य तितका टाळावा. गावांना जोडणारे आतले रस्ते खडबडीत असले तरी माणसे तिथेच भेटतात.

सायकल, सामान आणि अंगाची तयारी

महाग सायकल लागत नाही. पस्तीस मिलिमीटरच्या आसपास रुंदीचे टायर असलेली, चढासाठी हलका गिअर असलेली आणि मागे मजबूत कॅरिअर बसणारी हायब्रिड सायकल पुरे. सामान पाठीवर न घेता कॅरिअरच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत भरावे आणि ते आठ-नऊ किलोच्या वर जाऊ देऊ नये. दोन जादा ट्यूब, पॅच, टायर काढायचे लिव्हर, मल्टिटूल, छोटा पंप आणि साखळीचे तेल एवढे सोबत हवेच. तुमच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल, तर पितळेचा दहा-वीस रुपयांचा अडॅप्टर आठवणीने घ्यावा. गावातल्या पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर मोटारसायकलच्या व्हॉल्व्हसाठी असतो आणि अडॅप्टर नसला की दुकानदाराची इच्छा असूनही त्याला मदत करता येत नाही.

या भागात पंक्चर होते ते बहुतेक बाभळीच्या काट्याने. ट्यूब बदलण्यापूर्वी टायरच्या आतून रुमाल फिरवावा. काट्याचे टोक रबरात मोडून राहिलेले असते, ते रुमालाच्या धाग्याला अडकते. बोट फिरवून शोधू नये, कारण बोटाला लागलेला काटा पुढचे चार दिवस ब्रेक दाबताना सलत राहतो.

अंगाची तयारी दोन महिन्यांत होते. पहिल्या पंधरवड्यात गंगापूर धरणापर्यंत जाऊन यावे, मग त्र्यंबकेश्वर आणि परत असे साठ किलोमीटर, त्यानंतर नांदूरमध्यमेश्वर आणि परत. शेवटच्या दोन आठवड्यांत सलग दोन दिवस साठ-साठ किलोमीटर चालवून पाहावे, कारण खरी परीक्षा दुसऱ्या सकाळी खोगिरावर बसताना होते. पाण्यात ओआरएस घालायचे तर मोठ्या पाकिटाला पूर्ण एक लिटर पाणी घ्यावे; कमी पाण्यात घट्ट द्रावण करू नये. गूळ-शेंगदाणे आणि केळी यांना पर्याय शोधण्याची गरज मला अजून वाटलेली नाही.

कपड्यांविषयी मात्र थोडे थांबून सांगते. गादीची तंग सायकलिंगची चड्डी लांब प्रवासाला आवश्यक आहे, पण ती तशीच घालून कोणाच्या अंगणात जाऊ नये. वरून सैल पँट किंवा सलवार आणि सुती कुडता घालावा. बोलण्यापूर्वी हेल्मेट आणि काळा चष्मा काढावा. डोळे दिसले नाहीत तर माणूस विश्वास ठेवत नाही, हे मी पहिल्याच फेरीत अनुभवले.

अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठावा. ऊस आणि कांद्याच्या ट्रॉल्यांना मागे दिवा असेलच असे नाही, म्हणून आपले पुढचे आणि मागचे दिवे संध्याकाळी पाचपासूनच लावावेत. ११२ आणि १०८ हे क्रमांक, रक्तगट आणि घरच्यांचा फोन एका कागदावर लिहून कुडत्याच्या खिशात ठेवावेत.

केव्हा निघावे

पावसाळा संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. मात्र केवळ हवामान पाहून महिना ठरवू नये. तुम्हाला काय ऐकायचे आहे ते पाहून ठरवावा, कारण माणसाचे पुढच्या दिवसांविषयीचे बोलणे पिकाच्या दिवसांप्रमाणे बदलते. द्राक्षाची फळछाटणी झाली की दिंडोरी-निफाडचा बागायतदार आभाळाकडे पाहत असतो. त्या दिवसांत एका अवकाळी पावसाने वर्ष जाते आणि त्याच्या बोलण्यात पुढचे पंधरा दिवसच असतात. नोव्हेंबर-डिसेंबरात विरळणीला, म्हणजे द्राक्षाच्या घडातले जादा मणी काढायला, पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या आलेल्या असतात आणि घर सोडून आलेल्या माणसांशी बोलायचे तर हाच काळ. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, पहाटे बागांमध्ये शेकोट्या पेटलेल्या असतात, आणि शेकोटीशेजारी बसायला कोणी नाही म्हणत नाही. मार्च-एप्रिलमध्ये उन्हाळ कांदा निघतो आणि साठवणीच्या चाळीत जातो. तेव्हा ऊन कडक असते, परंतु हा कांदा विकायचा कधी या प्रश्नात कुटुंबाचे सगळे पुढचे बेत अडकलेले असल्यामुळे बोलण्यासारखे फार असते. एप्रिलनंतर दुपारी पश्चिमेचा वारा जोर धरतो आणि येवल्याहून नाशिककडे येताना तो तोंडावर येतो. त्या दिवसांत पहाटे साडेपाचला निघून अकराच्या आत निफाड ओलांडावे.

निघण्यापूर्वीचा अभ्यास

ज्या गावातून जायचे तिथल्या माणसाचे वर्ष कसे चालते हे माहीत नसताना त्याला पुढच्या वर्षाविषयी विचारणे योग्य नाही. उदाहरणार्थ, डिसेंबर २०२३ मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली आणि ती मे २०२४ मध्ये उठली, हे ज्याला ठाऊक नाही त्याला लासलगावच्या बाजार समितीबाहेर ट्रॅक्टरवर बसलेल्या शेतकऱ्याचे अर्धे बोलणे कळणार नाही. येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. त्या जागी आज मुक्तिभूमी उभी आहे आणि दर १३ ऑक्टोबरला तिथे माणसे जमतात. ‘पुढे काय व्हावे’ हा प्रश्न त्या परिसरात विचारताना आपण कोणत्या भूमीवर उभे आहोत याचे भान ठेवले पाहिजे. मी तिथे आधी ‘जय भीम’ म्हणते, इतरत्र ‘राम राम’, आणि त्र्यंबकेश्वरच्या निवृत्तिनाथांच्या पालखीच्या दिवसांत वारकरी भेटले तर ‘राम कृष्ण हरी’.

भाषेचीही तयारी हवी. कळवण, देवळा, सटाणा, मालेगाव या पट्ट्यात अहिराणी कानावर येते. तिथे ‘आहे’ऐवजी ‘शे’ असते, ‘माझा’ऐवजी ‘मन्हा’. ती बोलता आली नाही तरी चालेल, पण कळली पाहिजे आणि ऐकताना हसू येता कामा नये.

पहिली तालीम शहरातच करावी. गोदाघाटावर सकाळी फुलांच्या परड्या घेऊन बसलेल्या मावशीशी, द्वारकेला प्रवाशांची वाट पाहणाऱ्या रिक्षावाल्या दादांशी, सातपूरला कामाच्या शोधात उभ्या असलेल्या मजुरांशी. सध्या घाटावर २०२७ च्या सिंहस्थाचा विषय आपोआप निघतो, त्यामुळे पुढच्या दिवसांविषयी विचारणे तिथे सोपे जाते. नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी.

थांबणे आणि बोलणे सुरू करणे

सायकल अंगणात नेऊ नये. रस्त्याच्या कडेला लावावी. पाणी मागावे आणि दिलेले पाणी प्यावे. बाटलीतल्या पाण्याचा आग्रह धरायचा असेल तर हा प्रवास करू नये, इतके स्पष्ट मी सांगेन. समोरचा जिथे बसला असेल त्याच पातळीवर बसावे : पारावर, ओट्यावर, बांधावर. वयस्कर माणसाला बाबा किंवा काका, बाईला मावशी किंवा आजी, बरोबरीच्याला दादा किंवा ताई, आणि अहो-जाहो प्रत्येकालाच, अगदी अठरा वर्षांच्या मजुरालाही.

मग आपण कोण हे स्वतःहून सांगावे. मी म्हणते, “मी नाशिकची. शाळेत शिकवते. सरकारकडून आले नाही, पेपरातून आले नाही. सायकलवर फिरते आणि माणसांना पुढचं काय मनात आहे ते विचारते, वहीत लिहून ठेवते. सांगावंसं वाटलं तर सांगा.” यातले शेवटचे वाक्य गाळू नये. आणि ‘नाही’ म्हटले तर पाण्याबद्दल आभार मानून उठावे, दुसऱ्यांदा विचारू नये.

कोणासमोर विचारतो आहोत याकडे लक्ष द्यावे. मजूर मालकासमोर खरे बोलत नाही, टोळीतली बाई मुकादमासमोर बोलत नाही आणि पंचविशीतला मुलगा वडिलांसमोर ‘शेतीच करणार’ एवढेच म्हणतो. या मुलांच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे : ‘लग्न झालं का?’ हा प्रश्न गप्पा सुरू करण्यासाठी कधीही वापरू नये. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही ही गावोगावची ठसठस आहे आणि आपल्या सहज प्रश्नाने ती चारचौघांत उघडी पडते.

पुरुष सायकलस्वारांनी एकट्या बाईपाशी थांबू नये. घोळका असेल तिथे थांबावे किंवा सोबत एखादी मैत्रीण, बहीण असावी. आम्हा बायकांना उलट स्वयंपाकघरापर्यंत प्रवेश मिळतो आणि तिथले बोलणे ओट्यावरच्या बोलण्याहून अगदी वेगळे असते. तरी एकटीने फिरताना मुक्काम आधी ठरवलेला असावा आणि तो वाटेत कोणालाही सांगू नये. ‘कुठे मुक्काम?’ असे विचारले तर ‘पुढे पाहुणे आहेत’ हे उत्तर पुरते.

प्रश्नाचे शब्द

सगळ्यात जास्त चुका मी इथे केल्या. पहिल्या फेरीत दिंडोरीच्या पुढे एका गावात पारावरच्या आजोबांना मी विचारले, “बाबा, भविष्याबद्दल तुमच्या काय आशा आहेत?” त्यांनी मान डोलावली आणि नातवाला गावात पिटाळले. दहा मिनिटांनी खांद्याला पिशवी अडकवून आशाताई धापा टाकत आली. जेवणावरून उठून आली होती. कोणी सायकलवरून पडले असेल असे तिला वाटले होते. गावात ‘आशा’ म्हणजे आरोग्यसेवेची आशाताई, हे माझ्या ध्यानातच नव्हते. तिची माफी मागून मी निघाले आणि वणीपर्यंत माझ्या प्रश्नातला एकेक शब्द तपासत राहिले.

‘भविष्य’ म्हटले की पुष्कळांना हात पाहणारा आठवतो. ‘स्वप्न’ म्हटले की ‘आमची कसली आली स्वप्नं’ असे उत्तर येते आणि बोलणे तिथेच मिटते, कारण तो शब्द शिकलेल्या, शहरातल्या माणसाचा वाटतो. ‘अपेक्षा’ म्हटले की माणूस सरकारकडे तोंड करून बोलू लागतो : रस्ता, वीज, भाव, कर्जमाफी. या मागण्या खऱ्याच आहेत, पण त्या तो आपल्याशी बोलत नसतो.

नाम टाकून क्रियापद धरले की अडचण सुटते. “पुढं काय व्हावंसं वाटतं?” “काय मनात आहे?” “यंदा काय करायचं धरलंय?” घरातल्या बाईला “हे एवढं झालं की बरं, असं काय आहे?” म्हाताऱ्या माणसाला “अजून काय बघायचंय?” म्हाताऱ्यांना ‘काय करायचं राहिलंय’ असे मात्र विचारू नये, त्यात निरोपाचा सूर लागतो.

काळही बदलावा. ‘पाच वर्षांनी’ म्हटले की ‘पाच वर्षांनी कोण असतं, कोण नसतं’ हे ठरलेले उत्तर येते. समोरच्या माणसाचे वर्ष ज्या खुणांनी मोजले जाते त्याच खुणा प्रश्नात घालाव्यात : पुढच्या दिवाळीपर्यंत, पुढच्या छाटणीपर्यंत, चाळ रिकामी होईपर्यंत, पोरगी दहावी होईपर्यंत. या एका बदलाने उत्तरे इतकी बदलतात की ज्यांना या लेखातले एकच काही घ्यायचे असेल त्यांनी हे घ्यावे.

पहिले उत्तर आले की थांबू नये. ते बहुतेक वेळा सगळ्यांसारखेच असते : पोरे शिकावीत, दोन पैसे मिळावेत, आजारपण नको. त्यानंतर लहान प्रश्न विचारावा. कुठले? केवढे? कोण करणार? निफाडजवळच्या एका बागेत विरळणीच्या मजुरांची जेवणाची सुट्टी होती. सुरगाण्याकडची एक बाई नाचणीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा खात होती. द्राक्षाच्या चिकाने तिची बोटे काळी झाली होती. तिला मी दिवाळीपर्यंतचे विचारले. ती म्हणाली, “घर नीट करायचंय.” एरवी मी ‘घरदुरुस्ती’ लिहून पुढे गेले असते. मी विचारले, “घराचं काय?” “दार.” “आता कसलं आहे?” “आता पडदा. साडीचा.” जरा वेळ गेला. मग तीच म्हणाली, “पत्र्याचं चालंल. पण आतनं कडी लागली पाहिजे.” तिच्याशेजारी बसलेल्या बायका यावर काही बोलल्या नाहीत आणि मीही पुढे विचारले नाही. वहीत मी ‘आतून कडी’ एवढेच लिहिले.

तो ‘जरा वेळ’ फार महत्त्वाचा आहे. उत्तर संपले असे वाटल्यावर मनात दहा अंक मोजावेत. शहरात आपल्याला शांततेची इतकी भीती वाटते की आपण लगेच दुसरा प्रश्न टाकतो आणि समोरच्या माणसाच्या ओठांवर आलेले वाक्य मागे जाते.

बाजार आणि माग

लासलगाव किंवा पिंपळगावच्या बाजार समितीत लिलावापूर्वी जावे. ट्रॅक्टर रांगेत लागलेले असतात, शेतकरी ट्रॉलीवर बसून असतो आणि त्याच्याकडे वेळ असतो. एकदा भाव फुटला की तो भावच बोलतो. दोनशे रुपये कमी मिळालेल्या माणसाला त्या क्षणी पुढच्या दिवसांविषयी विचारणे मला क्रूरपणाचे वाटते, आणि चांगला भाव मिळालेल्याला घरी जायची घाई असते. तोलाईच्या रांगेतही विचारू नये. तिथे त्याचे सगळे लक्ष काट्याकडे असते.

येवल्यात पैठणीच्या विणकराकडे गेल्यावर आधी धोट्याचा आवाज ऐकावा. तो लयीत चालला असेल तर उंबऱ्याशी बसून राहावे. पदरावरचा मोर विणताना धागे मोजावे लागतात आणि आपल्या ‘नमस्कार’ने मोजणी चुकली तर विणलेले उसवावे लागते. एका विणकराने मला पाऊण तास बसवून ठेवले आणि मग स्वतःच माग थांबवून चहा मागवला. पुढे काय व्हावे, या प्रश्नावर त्याने मुलाचे किंवा पैशाचे नाव काढले नाही. “खड्ड्यात पाय सोडून बसतो ना, गुडघे गेले. खुर्चीवर बसून चालंल असा माग करायचाय. सुताराशी बोललोय,” असे म्हणून त्याने कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने काढलेले चित्र दाखवले. त्या चित्रात मापे इंचांत लिहिलेली होती. असे काही हाती लागायचे असेल तर विणकराकडे पैठणी पाहायला आलेल्या गिऱ्हाइकासारखे जाऊ नये, आणि भाव तर मुळीच विचारू नये.

नोंद कशी ठेवावी

ध्वनिमुद्रण करायचे असेल तर आधी विचारावे आणि होकारसुद्धा मुद्रित करावा. फोन विमान मोडवर टाकून, वाऱ्याला पाठ करून, बोलणाऱ्यापासून वीतभर अंतरावर ठेवावा. फोनवर पातळ सुती मोजा चढवला तर वाऱ्याचा घोंघाट बराच कमी होतो. माझा स्वतःचा कल वहीकडे आहे. वही पाहून माणूस सावरून बसतो, पण पाच मिनिटांत ती विसरतो. फोन मात्र शेवटपर्यंत विसरत नाही.

बोलत असताना मोजके शब्द टिपावेत आणि निघाल्यावर पहिल्या झाडाखाली थांबून, अर्ध्या तासाच्या आत, पूर्ण बोलणे त्याच्याच शब्दांत उतरवून काढावे. ‘चालंल’चे ‘चालेल’ करू नये. तारीख, गाव, काम, अंदाजे वय आणि सायकलच्या मीटरवरचा किलोमीटरचा आकडा लिहावा. नाव किंवा फोन क्रमांक मी लिहीत नाही. छोट्या गावात काम आणि वय एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो, म्हणून दुसऱ्या कोणाला दाखवायच्या प्रतीत गावाचे नावही बदलावे. फोटो काढायचा तर निघताना, विचारून. मुलांशी बोलायचे तर आईवडील किंवा शिक्षक जवळ असतानाच.

जेव्हा बोलणे जड होते

कधीतरी कोणी विचारेलच : “हे लिहून तुम्ही काय करणार? आमचं काही होईल का?” याला एकच प्रामाणिक उत्तर आहे, “माझ्या हातून काही होणार नाही, मी फक्त ऐकून लिहून ठेवते.” ‘बघते, कोणाशी तरी बोलते’ असे सांगण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण आपण पुढच्या गावी जातो आणि तो माणूस वाट पाहत राहतो. पैसे काढून देऊ नयेत. पेरू, शेंगा, जे काही तो विकत असेल ते विकत घ्यावे.

काही घरांत हा प्रश्न विचारल्यावर रडू येते. कर्जापायी माणूस गमावलेले घर असू शकते, आणि ते आपल्याला आधी कळत नाही. अशा वेळी वही बंद करावी आणि उठून जाण्याची घाई करू नये. बोलणाऱ्याच्या शब्दांतून जगणेच नको झाल्याचा सूर जाणवला तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक कागदावर लिहून द्यावा, तिथे पैसे न देता बोलता येते हे सांगावे आणि घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी कानावर ते घालूनच निघावे. त्या दिवशी पुढे कोणालाही काही विचारू नये. मुक्कामावर जाऊन साखळी पुसावी, तेल द्यावे, लवकर झोपावे.

परत जाणे

फेरा संपल्यावर हे काम संपत नाही. ज्यांनी होकार दिला त्यांचे फोटो कागदावर छापून घ्यावेत. फोनवर पाठवलेला फोटो हरवतो, भिंतीवर लावलेला राहतो. फोटोबरोबर त्यांनी सांगितलेले दोन-चार ओळींत मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे आणि ‘हे बरोबर आहे का?’ असे विचारावे. तीन जणांनी माझ्याकडून दुरुस्त्या करून घेतल्या. एकाने सगळेच खोडायला लावले आणि मी ते त्याच्यासमोर खोडले.

यासाठी सहा महिने ते वर्षभरात त्याच रस्त्याने पुन्हा जावे लागते. वहीत प्रत्येक नोंदीपुढे मी ‘परत भेट’ असा रकाना ठेवला आहे. येवल्याच्या विणकराचा नवा माग मी पाहिला. तो खुर्चीसाठी दोन इंच बुटका झाला होता आणि त्याने खुर्चीचे पाय कापले होते. निफाडच्या बागेत मात्र पुढच्या डिसेंबरात दुसरीच टोळी आली होती. मुकादमही नवा होता; सुरगाण्याकडच्या त्या बायका यंदा कुठल्या बागेत आहेत हे त्याला सांगता आले नाही. त्या नोंदीपुढचा रकाना रिकामा आहे. येत्या विरळणीच्या दिवसांत निफाडऐवजी दिंडोरीच्या बाजूच्या बागांत थांबायचे मी ठरवले आहे, आणि त्या बाईला द्यायचे पाकीट हँडलच्या पिशवीत, वर हाताशी ठेवले आहे.